वारा पडेपर्यंत

बोटीच्या कठड्यावर शाल्मली पुन्हा वाकली, तेव्हा मी मागून तिचे केस गोळा करून मुठीत धरले. पोटात ओकायला काही उरलंच नव्हतं, नुसते कोरडे उमासे येत होते. समुद्र खवळला होता. बोट घटकेत या कुशीवर, घटकेत त्या कुशीवर कलत होती आणि आतल्या दालनात लोकांच्या बॅगा आपापल्या मर्जीने जमिनीवरून फिरत होत्या.

"तोंडात लिंबाची फोड धर जरा," मी म्हटलं.

"नको काकू. हात नका ना लावू मला."

मी केस सोडले. माझं माहेर हर्णैचं. लहानपणापासून होडीत बसलेली मी, मला बोट लागत नाही. ही नाशिकची पोरगी, हिला लागणारच, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाटली झाकण उघडून तिच्यासमोर धरली. तिने घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं आणि दुसरी बाटली मागितली. एवढी तहान कशाची, हा विचार तेव्हाच मनात यायला हवा होता. पण आला नाही.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाल्मली तेव्हा सतरा वर्षांची होती. माझ्या नवऱ्याची, मुकुंदची, पहिल्या लग्नाची मुलगी. तिची आई शुभदा वारली, त्यानंतर दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. मुकुंद शिकवायचा त्याच कॉलेजात मी ग्रंथपाल होते, त्यामुळे शाल्मली मला आधीपासून काकू म्हणायची. लग्नानंतरही काकूच म्हणत राहिली, आणि 'अहो-जाहो' करत राहिली. भांडण कधी झालं नाही. भांडायलाही थोडी जवळीक लागते.

ग्रीसच्या बेटांवर जायची कल्पना मुकुंदची. बारावी संपली होती, शाल्मलीला बडोद्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता, ती घर सोडून जाण्याआधी आम्ही तिघांनी कुठेतरी लांब जावं असं त्याच्या मनात होतं. ऐन वेळी कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून त्याची रजा रद्द झाली. मी म्हटलं, आपणही नको जाऊ या. तो म्हणाला, "नाही हेमांगी, तुम्ही दोघी जा. उलट बरंच आहे. मी असलो की तुम्ही दोघी माझ्याशीच बोलता."

निघताना विमानतळावर त्याने माझ्या हातात एक निळी पिशवी दिली होती. आत बर्फाच्या चपट्या वड्या आणि त्यांच्यामध्ये इन्सुलिनची पेनं. शाल्मलीला नवव्या वर्षापासून मधुमेह होता, लहान मुलांना होतो तो. दिवसातून चारपाच वेळा सुई टोचून घ्यायची, त्यात खाडा नाही. गोळ्या चालत नाहीत, पथ्याने भागत नाही. इन्सुलिन थांबलं की शरीर आतून सडायला लागतं, असं तिच्या डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून समजावलं होतं. "श्वासाला नासत आलेल्या केळ्यांसारखा वास यायला लागला," ते म्हणाले होते, "तर एक मिनिट थांबायचं नाही."

बेटांची नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून आम्ही राहायच्या जागेवरून त्यांना नावं ठेवली. पहिलं पवनचक्कीचं बेट. खरोखरच जुन्या पिठाच्या पवनचक्कीत आमची खोली होती, भिंती गोल, त्यामुळे पलंग कुठेच भिंतीला टेकत नव्हता आणि शाल्मली त्याला सारखी हसत होती. तिला एवढं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. दुसरं कबुतरखान्याचं बेट. तिथे दगडी जाळीच्या नक्षीचे दुमजली कबुतरखाने होते, त्यातल्याच एकात वरच्या मजल्यावर दोन खाटा आणि खाली एक स्वयंपाकघर. सकाळी जाळीतून ऊन आलं की अंथरुणावर त्रिकोणांची रांगोळी उमटायची. शाल्मली तासन्‌तास त्या जाळीची चित्रं काढत बसायची. मी रोज विचारायची, "शुगर किती?" ती मान वर न करता आकडा सांगायची. तिसरं बेट अगदी लहान, तिथे एका टोकाला दीपगृह होतं. दिवा आता आपोआप लागायचा आणि दिवेकऱ्याच्या राहत्या घरात पाहुणे उतरायचे. आम्ही चाललो होतो ते तिथे.

धक्क्यावर आम्हाला न्यायला मारिगो आली होती. साठीची, काळा झगा, उन्हाने रापलेले दंड. तरुणपणी मेलबर्नला शिवणकामाच्या कारखान्यात होती, त्यामुळे तिला तोडकंमोडकं का होईना, इंग्रजी येत होतं. शाल्मलीकडे बघून तिने जिभेने चुकचुक केलं. "समुद्र," ती म्हणाली. "झोपली की बरी होईल." मग बोटीकडे बघत म्हणाली, "तुमचं नशीब. ही शेवटची बोट. आता वारा पडेपर्यंत बंदर बंद."

पिकअपमधून खडबडीत रस्त्याने आम्ही बेटाच्या टोकाला पोचलो. घर सुंदर होतं. जाड पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, तिन्ही बाजूंनी समुद्र. वारा असा होता की दार लावायला दोघींना जोर लावावा लागला. शाल्मली कपडे न बदलताच आडवी झाली. मी तिच्यासाठी मऊ भात टाकला. तो घेऊन तिच्या खोलीत गेले, तिला उठवायला वाकले, आणि तिच्या उघड्या तोंडातून मला तो वास आला.

नासत आलेली केळी.

ताटली खाली ठेवली की हातातून पडली, आठवत नाही. मी तिच्या पर्समधून शुगर मोजायचं यंत्र काढलं, बोट टोचलं. ती "ऊं" करून हात ओढायला लागली. पट्टीवर रक्ताचा थेंब लागला आणि पडद्यावर आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. यंत्राला मोजता येते त्याच्याही वर शुगर गेली की ती अक्षरं येतात.

"शाल्मली, सकाळचं इन्सुलिन घेतलंस ना?"

तिने डोळे मिटून घेतले.

मी निळी पिशवी उघडली. बर्फाच्या वड्या होत्या, वितळून मऊ झालेल्या. त्यांच्या मध्ये काही नव्हतं. मी पिशवी उलटी केली, झटकली. तिची सॅक उपडी केली, माझी बॅग उपडी केली. कपडे, चपला, चित्रांची वही, सगळं जमिनीवर. पेन एकही नाही. कबुतरखान्यातल्या मालकाला फोन लावला. त्याने बघून येतो म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळाने आनंदाने म्हणाला, "आहेत आहेत मॅडम! फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला आहेत. काळजी करू नका, पहिल्या बोटीने पाठवतो."

पहिल्या बोटीने.

मी धावत बाहेर गेले. मारिगो आवारातल्या दोऱ्यांवरचे कपडे काढत होती. मी तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. तिला एवढं कळलं की पोरीला बोट लागलेली नाही. तिने लगेच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बेटावर डॉक्टर एकच, तीही नवखी मुलगी, आणि ती मुख्य भूमीवर गेलेली. परतीची तिची बोट त्याच वाऱ्याने अडकली होती. दवाखान्याला कुलूप. किल्ली शेजाऱ्याकडे होती, पण तिथल्या कपाटात इन्सुलिन नाही, हे तिनेच फोनवर सांगितलं. संपलेलं होतं, नवं तीच घेऊन येणार होती.

"हेलिकॉप्टर," मी म्हटलं. "हेलिकॉप्टर येतं ना अशा वेळी?"

मारिगोने तटरक्षकांना फोन लावला. ती ग्रीकमध्ये बोलत होती, मग ओरडायला लागली, मग तिचा आवाज खाली आला. फोन ठेवून तिने बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. बाहेर लाटा खडकांवर आपटून दीपगृहाच्या अर्ध्या उंचीपर्यंत उडत होत्या.

"या वाऱ्यात नाही उतरवणार. उद्या बघू म्हणतात."

शाल्मलीला उद्या होता की नाही, कोणाला ठाऊक! ती आता भराभरा श्वास घेत होती, खोल, पळून आल्यासारखा, आणि पडून होती मात्र निश्चल. मी तिच्या उशाशी बसले. मुकुंदला फोन करावा का? काय सांगू त्याला? तो तिकडे नाशिकला खोलीत येरझाऱ्या घालेल, भिंतीवर डोकं आपटेल, आणि हात पोचणार कुठे त्याचा? मी फोन उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी देवभोळी नाही. त्या क्षणी मी हाक मारली ती शुभदाला, जिला मी आयुष्यात कधी भेटले नव्हते. शुभदाताई, मनात म्हटलं, तुम्ही होतात तोवर हिला जपलंत. मला काही सुचत नाही. सांगा मला, काय करू.

उत्तर कुठून येणार! मग डॉक्टरीणबाईंचाच फोन पुन्हा आला. ती मुलगी घाबरलेली होती, पण डोकं ठिकाणावर होतं. "तिला पाणी पाजत राहा, घोट घोट. ओकली तरी पाजा. आणि बेटावर कोणाकडे तरी इन्सुलिन शोधा. म्हाताऱ्या माणसांत असतं. कोणाचंही चालेल. मारिगोला माहीत असेल."

मी मारिगोकडे बघितलं. तिने नजर फिरवली.

"मारिगो, आहे का कोणाकडे?"

हातातला पंचा तिने नीट घडी करून टेबलावर ठेवला, परत उलगडला, परत घडी केली.

"मारिगो!"

"एक आहे," ती म्हणाली. "वरच्या गावात. माझ्या नवऱ्याचा भाऊ. लेफ्टेरिस."

"मग चला ना!"

"मी त्याच्या दाराशी जाणार नाही."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग तिने भडाभडा सांगितलं. हे दिवेकऱ्याचं घर दोघा भावांचं. वडिलांनी घेतलेलं. पाहुणे यायला लागले आणि वाटणीवरून फाटलं. तिचा नवरा गेला तेव्हा लेफ्टेरिस खांदा द्यायला आला नाही. तेव्हापासून चर्चमध्येसुद्धा ती एका बाजूला बसते आणि तो दुसऱ्या. आमच्या कोकणात याला भाऊबंदकी म्हणतात, मला ती कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या चुलतभावाने एकाच आवाराच्या दोन टोकांना बसून मरेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचा हात धरला आणि तिला शाल्मलीच्या पलंगापाशी नेलं. ओढतच नेलं म्हणा ना. "वाका," मी म्हटलं. "वास घ्या तिच्या श्वासाचा."

मारिगो वाकली. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली पिकअपची किल्ली काढून दाराकडे चालायला लागली.

शाल्मलीला मी चादरीत गुंडाळून मांडीवर आडवं घेतलं. पाय दाराला टेकत होते, डोकं माझ्या कोपरात. रस्ता डोंगराच्या कडेने चढत होता, वारा गाडीला बाजूने ढकलत होता, आणि मारिगो चाकावर अशी वाकली होती की जणू गाडीला ओढून नेतेय. मी शाल्मलीच्या ओठांना पाण्याची बाटली लावत होते. निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. "शाल्मली, बोल माझ्याशी. काहीही बोल. शिव्या दे मला." तिचे डोळे अर्धवट उघडे होते, त्यात मी नव्हते.

वरच्या गावात चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. तिथून पुढे पायऱ्या. मी आणि मारिगोने तिला दोन्हीकडून उचललं. हिरव्या दाराच्या एका घरासमोर मारिगो थांबली आणि तिने दारावर थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आतून काठीचा ठक ठक आवाज आला आणि थांबला. तो दारामागे उभा होता, हे आम्हाला कळत होतं. कुठल्या तरी फटीतून त्याने तिला पाहिलं असणार. दार उघडलं नाही.

मारिगोने लाथ घातली. साठीच्या बाईने, काळ्या झग्यातून, दारावर अशी लाथ घातली की कडी आत खडखडली. आणि ओरडली. एकच वाक्य, ग्रीकमध्ये.

दार उघडलं. उंच, हाडकुळा म्हातारा, कुबडीवर रेललेला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, पँटचा पाय मुडपून टाचणीने अडकवलेला. त्याने मारिगोकडे पाहून काहीतरी थंडपणे म्हटलं. तिने तितक्याच थंडपणे उत्तर दिलं. ते काय बोलले, ते मी तिला नंतर विचारलं. तो म्हणाला होता, इतक्या वर्षांनी आलीस, तेही मागायलाच. आणि ती म्हणाली होती, हो, मागायलाच.

मग त्याची नजर शाल्मलीवर गेली. त्याने कुबडीने दार पूर्ण ढकललं आणि बाजूला झाला.

त्याच्याकडे जलद काम करणारी दोन पेनं होती. एक वापरातलं, एक न फोडलेलं. पुढचा साठा पुढच्या बोटीने यायचा होता. बोट कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याने दोन्ही फ्रिजमधून काढली, जरा वेळ हातात धरली, मग वापरातलं परत ठेवलं आणि न फोडलेलं माझ्यासमोर धरलं. सुयांचा डबा शेजारी ठेवला. डॉक्टरीणबाई फोनवर होत्या. किती द्यायचं, किती वेळाने द्यायचं, त्या सांगत होत्या. मी शाल्मलीच्या पोटावरचा कपडा बाजूला केला. लेफ्टेरिसने माझं मनगट धरलं, आणि सुई आम्ही दोघांनी मिळून टोचली.

त्यानंतर काय झालं? काहीच झालं नाही, हेच तर भयंकर होतं. पाणी, मिठाचं पाणी, ओकारी, पुन्हा पाणी. थोड्या थोड्या वेळाने बोट टोचायचं, आणि पडद्यावर पुन्हा तीच दोन अक्षरं. दुसरं इंजेक्शन दिलं. मारिगो दिराच्या स्वयंपाकघरात वावरत होती, कपाटं न विचारता उघडत होती, जणू कालपर्यंत इथेच राहत होती. लेफ्टेरिस खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. बाहेर वारा कौलांवरून फिरत होता. तिसरं इंजेक्शन दिलं, तेव्हा पेन निम्म्याहून जास्त संपलं होतं. मी लेफ्टेरिसकडे बघितलं. त्याने न विचारताच फ्रिजकडे बोट केलं: लागलं तर दुसरंही घ्या.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं, तांबूस झालं. मी पुन्हा बोट टोचलं. यंत्राने जरा वेळ घेतला, आणि पडद्यावर आकडा आला.

मोठा होता, भयंकर होता, पण आकडा होता! मी तो मोठ्याने वाचला. मारिगोला आकड्याचा अर्थ कळत नव्हता, लेफ्टेरिसला कळला. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून मागे टेकला. मी तिथेच जमिनीवर बसले. रडले नाही. रडू नंतर आलं, नाशिकला, भाजी आणायला गेले होते तेव्हा भर बाजारात.

पुढच्या मोजणीला आकडा आणखी उतरला. शाल्मलीचा श्वास सावकाश झाला. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ ती लेफ्टेरिसच्या मुडपलेल्या पँटकडे पाहत राहिली. तो ओशाळला की काय कोण जाणे, कुबडी घेऊन उठला आणि मारिगोच्या मागे स्वयंपाकघरात गेला. आत दोघांचा हलका, चिडका आवाज ऐकू यायला लागला.

"काकू," ती म्हणाली. ओठ फुटले होते तिचे.

"बोलू नकोस. पाणी पी."

"मी विसरले नव्हते."

मी पेला तिच्या तोंडाशी तसाच धरून राहिले.

"फ्रिजमध्ये मी मुद्दाम ठेवून आले. आदल्या संध्याकाळचंही घेतलं नव्हतं. तुम्हाला आकडे खोटे सांगितले."

"का गं? मरायचं होतं तुला?"

"नाही हो!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तिला खोकला आला. "मरायचं नव्हतं. पवनचक्कीत तुम्ही म्हणालात ना, सुट्टीवर आलोय, आता कशाची चिंता नाही करायची. सगळे सुट्टीवर येतात, काकू. मला नसते सुट्टी. नऊ वर्षांची होते तेव्हापासून एक दिवस नाही मिळाली. दिवाळीला नाही, आई गेली त्या दिवशी नाही. आईला स्मशानात नेलं आणि आत्याने मला आत नेऊन सुई टोचली." ती थांबली. "मी म्हटलं, एक दिवस. एकच दिवस घेऊन बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी घेईन म्हटलं. सकाळी वाटलं, आणखी थोडा वेळ. मग बोटीत बसल्यावर कळलं की काय झालंय, आणि मग सांगायची भीती वाटली."

रागवावंसं वाटलं, तिला पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही जमलं नाही. तिच्या पायावरची चादर नीट केली.

"बाबांना सांगणार?" तिने विचारलं.

मी पेला पुन्हा तिच्या ओठांशी नेला.

"त्यांना कळलं तर ते मला बडोद्याला नाही पाठवणार. कधीच कुठेच नाही पाठवणार. आईनंतर ते कसे झालेत, तुम्हाला माहितेय."

तेवढ्यात फोन वाजला. मुकुंदच. दुपारपासून त्याचे किती निरोप येऊन पडले होते. माझ्या एका हातात पेला होता, म्हणून मी फोन उशीशेजारी ठेवून स्पीकर चालू केला.

"अगं आहात कुठे? किती वेळा करायचे फोन?"

मी सांगितलं. शुगर वाढली होती, खूप वाढली होती, इथल्या एका माणसाकडून इन्सुलिन मिळालं, डॉक्टर फोनवर आहेत, आता धोका नाही. मी शक्य तेवढं सपाट आवाजात सांगितलं. पलीकडे श्वास अडकल्यासारखा आवाज आला.

"इथल्या माणसाकडून म्हणजे? तिचं इन्सुलिन कुठे गेलं?"

शाल्मली माझ्याकडे पाहत होती. आजवर तिने माझ्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. काही मागतही नव्हती ती, नुसती पाहत होती.

"मी विसरले," मी म्हटलं. "आधीच्या ठिकाणी फ्रिजमध्ये राहिलं. मी पिशवी न बघताच उचलली."

मुकुंद शांतपणे बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती, हेमांगी. शुभदा असती तर विसरली नसती."

फोन बंद झाला.

मी पेला खाली ठेवला. शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानात जात होतं, ती पुसत नव्हती. पुढच्या इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा मी पेन उचललं. तिने हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "मी घेते."

आम्ही त्या घरात तीन दिवस राहिलो. दीपगृहाजवळच्या सुंदर खोल्या रिकाम्याच राहिल्या. मारिगो रोज सकाळी वर यायची, दिराला दोन शब्द सुनवायची, सूप करायची, संध्याकाळी जायची. त्यांचा समेट झाला असं मी म्हणणार नाही. मी पाहिलं तोवर ते भांडतच होते, पण समोरासमोर. मग वारा पडला, पहिल्या बोटीने डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर लेफ्टेरिसचा साठा आला आणि आमचाही. पुढची बेटं आम्ही सोडून दिली आणि घरी परतलो.

मुकुंद वाईट माणूस नव्हे. त्यानंतर त्याने तो विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. फक्त शाल्मलीच्या औषधांना मला हात लावू देईनासा झाला. फ्रिजमधला तो कप्पा तो स्वतः लावायचा. माझ्या नणंदबाई घरी आल्या की मला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात त्याला विचारायच्या, "आता तूच बघतोस ना रे सगळं?" शाल्मली बडोद्याला गेली. रोज संध्याकाळी माझ्या फोनवर त्या यंत्राच्या पडद्याचा फोटो यायचा. खाली एक शब्द नाही, नुसता फोटो. मी कधी मागितला नव्हता.

दोन वर्षांनी ती दिवाळीला घरी आली होती. बाहेरच्या खोलीत बापलेकींचं बोलणं चाललं होतं, मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. बोलणं मध्येच थांबलं. मग मुकुंद येऊन दाराशी उभा राहिला. त्याला माफी मागायची सवय नाही, त्याच्या घराण्यातच कोणाला नाही.

"तिने सांगितलं मला," तो म्हणाला. "आत्ता."

मी कोथिंबिरीच्या काड्या बाजूला केल्या.

"हेमांगी, मी त्या दिवशी फोनवर जे बोललो..."

"खरंच बोललास तू," मी म्हटलं. "शुभदाताई विसरल्या नसत्या."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी वर पाहिलं.

"मीही विसरले नव्हते."